कोल्हापूरच्या थंडीत बेडकाच्या काचपेटीला ऊब देताना

डिसेंबरच्या मध्यावर पंचगंगेच्या घाटावर पहाटे धुके उतरू लागले की घरात बेडूक पाळणाऱ्यांचा एक प्रश्न हमखास कानावर येतो: पेटीत किती वॉटचा बल्ब लावायचा? प्रश्न काळजीपोटी आलेला असतो, पण त्याचे उत्तर वॉटपासून सुरू होत नाही. पेटी ज्या खोलीत ठेवली आहे, त्या खोलीपासून ते सुरू होते. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचीवर आहे. जानेवारीत इथला पारा पहाटे १४-१५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरतो, एखाद्या रात्री त्याखालीही जातो, आणि त्याच दिवशी दुपारी २९-३० अंशांपर्यंत चढतो. त्यामुळे पहाटे पाच वाजता जो हीटर अपुरा वाटतो, तोच दुपारी तीन वाजता बेडकाचा जीव घेऊ शकतो. माझ्या पाहण्यातले पाळीव बेडूक गारठ्याने कमी आणि ऊब देण्याच्या घाईने जास्त दगावले आहेत, आणि म्हणूनच हा विषय सविस्तर मांडावासा वाटला.

आधी बेडकाचे शरीर समजून घेतले पाहिजे, कारण पुढची सगळी खबरदारी त्यातूनच निघते. बेडूक आपल्यासारखी शरीरात उष्णता तयार करून ती टिकवून धरत नाही. भोवतालची हवा, माती आणि पाणी जेवढे उबदार, जवळपास तेवढेच त्याचे शरीर उबदार. अन्न पचणे, रोगाशी लढणे, हालचाल करणे या सगळ्यांचा वेग त्या तापमानावर ठरतो. गारठलेल्या बेडकाने खाल्लेला किडा पोटात पचत नाही, तो तसाच राहून कुजू लागतो. म्हणून थंडीत बेडूक सुस्त दिसत असेल तर त्याला आग्रहाने भरवणे हा अपकार ठरतो. दुसरी गोष्ट त्याच्या कातडीची. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. पोटाच्या खालच्या भागात, मागच्या मांड्यांच्या मध्ये, त्याची कातडी विशेष पातळ असते आणि ओल्या जागी बसून तो तिथून पाणी शोषून घेतो. श्वासाचाही काही भाग तो ओल्या कातडीतूनच घेतो. जी कातडी पाणी आत घेते, तीच ते बाहेरही सोडते. आपला मातीचा माठ जसा झिरपून, वाऱ्यावर सुकून गार होतो, तसेच बहुतेक बेडकांचे अंग सतत थोडे थोडे सुकत असते आणि त्यामुळे भोवतालच्या कोरड्या हवेपेक्षा थोडे गार राहते.

माठाचे उदाहरण आणखी थोडे पुढे नेता येते. वळवाच्या आधीच्या कुंद, दमट दुपारी माठातले पाणी हवे तसे गार होत नाही, कारण हवेत आधीच इतकी वाफ असते की पाणी सुकायला वाव राहत नाही. बंद, ओल्या, तापलेल्या काचपेटीत बेडकाची नेमकी हीच स्थिती होते. कोरडी उष्णता त्याचे पाणी काढून घेते आणि दमट उष्णता त्याची थंड होण्याची वाट बंद करते. एकीत तो सुकून मरतो, दुसरीत उकडून. म्हणूनच ‘भरपूर पाणी फवारले आहे, आता थोडे जास्त तापले तरी चालेल’ हा समज फार धोक्याचा आहे.

आता कोणत्या बेडकाला किती ऊब लागते ते पाहू. आपल्याकडे हौशी लोकांच्या घरी मुख्यतः दोन परदेशी जाती दिसतात. ऑस्ट्रेलियातला, हिरवा, गुबगुबीत ‘व्हाइट्स ट्री फ्रॉग’ दिवसा २४ ते २८ अंशांत सुखाने राहतो आणि रात्री पारा २० पर्यंत उतरला तरी निरोगी प्रौढ बेडकाला त्रास होत नाही. दक्षिण अमेरिकेतला, मोठ्या तोंडाचा ‘पॅकमॅन फ्रॉग’ साधारण २४ ते २८ अंश मागतो आणि त्याच्यासाठी रात्रीचा उतार थोडाच ठेवावा. याउलट पूर्व आशियातल्या लाल पोटाच्या ‘फायर बेलीड टोड’ला १८ ते २४ अंश पुरतात, कोल्हापुरात त्याला हीटर लावणे म्हणजे त्रास देणेच होय. रंगीबेरंगी ‘डार्ट फ्रॉग’ २२ ते २६ अंशांत राहतात आणि ३० अंशांच्या आसपासच संकटात येतात. अशा जातीच्या पेटीत हीटर बसवण्यापूर्वी दहादा विचार करावा. इथल्या तळ्याकाठचे, भातखाचरातले बेडूक या हवेतच वाढलेले असतात. त्यांना उचलून घरी आणू नये, मग त्यांना ऊब देण्याचा प्रश्नही उरत नाही. परदेशी जातींपैकी ज्या वन्यजीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय ‘साइट्स’ कराराच्या याद्यांत येतात, उदाहरणार्थ लाल डोळ्यांचा ‘रेड आयड ट्री फ्रॉग’, त्यांची नोंद २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करणे बंधनकारक आहे. ते काम हीटर विकत घेण्याच्या आधीचे आहे.

पेटीत सगळीकडे एकच तापमान राखणे हे उद्दिष्ट ठेवू नये. एक बाजू उबदार आणि दुसरी चार-पाच अंशांनी गार अशी चढण पेटीत हवी, म्हणजे कुठे बसायचे ते बेडकाला स्वतः ठरवता येते. आपली चूक झाली तरी त्याला मागे सरकायला जागा उरते, हा या रचनेचा सर्वांत मोठा फायदा आहे. फार लहान पेटीत ही चढण तयारच होत नाही, कारण हीटर लावला की सगळी पेटी सारखीच तापते. अशा पेटीला हीटर लावण्याऐवजी ती घरातल्या त्यातल्या त्यात उबदार खोलीत हलवणे हा शहाणपणाचा मार्ग आहे.

खोलीचा अभ्यास आधी करावा असे मी म्हणतो, त्याचे कारण हेच आहे. हीटर घेण्याच्या आधी आठ दिवस साधे, कमाल-किमान नोंद ठेवणारे डिजिटल थर्मामीटर पेटीजवळ ठेवावे आणि रोज सकाळी आकडे वहीत लिहावेत. वरच्या मजल्यावरची, पश्चिमेच्या भिंतीची, स्लॅबखालची खोली दुपारभर तापते आणि ती ऊब रात्री उशिरापर्यंत धरून ठेवते. जुन्या पेठांतल्या जाड भिंतींच्या, कौलारू घरात दिवस-रात्रीचा फरक कमी असतो, पण खालच्या मजल्याची फरशी सतत गार असते. माझ्या खोलीत बाहेर १४ अंश असताना आत पहाटे १८ आणि दुपारी २७ असे आकडे मिळाले होते. फरशीवरची पेटी उचलून भिंतीकडच्या लाकडी टेबलावर ठेवल्यानेच पहाटेचा आकडा दीड अंशाने वाढला होता, आणि त्यासाठी एक पैसाही खर्च झाला नव्हता. खिडकीतले ऊन मात्र ऊब म्हणून कधीही वापरू नये. काचेतून आलेले ऊन आतच अडकते, बंद उभ्या केलेल्या मोटारीसारखी पेटी काही मिनिटांत तापते, आणि हिवाळ्यातले कोवळे ऊनसुद्धा याला अपवाद नाही.

आता वॉटचा हिशेब. तो ढोबळ आहे, पण प्रत्येकाने एकदा कागदावर मांडावा असा आहे. समजा पेटी ४५ सेंटिमीटर लांब, ४५ रुंद आणि ६० उंच आहे. तिच्या सहाही बाजूंचे क्षेत्रफळ मिळून साधारण दीड चौरस मीटर भरते. साध्या एकेरी काचेतून, आत आणि बाहेर एका अंशाचा फरक असताना, दर चौरस मीटरमागे सुमारे ५ वॉट उष्णता बाहेर जाते. म्हणजे पेटी खोलीपेक्षा एक अंशाने उबदार ठेवायला साधारण साडेसात वॉट लागतात. पहाटे खोलीत १८ अंश आहेत आणि पेटीत २३ हवेत, तर पाच अंशांसाठी ३८ वॉट, म्हणजे बाजारात मिळणारा ४० वॉटचा हीटर पुरतो.

समजा, दुकानदाराच्या सल्ल्याने १०० वॉटचा हीटर आणला आणि एखाद्या रात्री थर्मोस्टॅट, म्हणजे ठरलेल्या तापमानाला वीज तोडणारे उपकरण, बिघडून तो चालूच राहिला. १०० वॉट म्हणजे खोलीपेक्षा सुमारे १३ अंश जास्त. पहाटे पेटी ३१ अंशांवर जाईल आणि दुपारी खोली २७ वर आली की पेटी ४० अंशांवर पोहोचेल. घरातली माणसे तेव्हा कामावर असतील आणि पेटीतला एकही कोपरा बेडकाला वाचवू शकणार नाही. तोच बिघाड ४० वॉटच्या हीटरचा झाला तर दुपारी पेटी ३२ अंशांच्या आसपास जाईल. तेही वाईटच, पण पाण्याच्या भांड्यात किंवा तळाच्या ओल्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) शिरून व्हाइट्स ट्री फ्रॉगसारखा धडधाकट बेडूक संध्याकाळपर्यंत तग धरण्याची शक्यता राहते. म्हणून हीटर निवडताना ‘हा पुरेल का?’ या प्रश्नासोबत ‘हा दिवसभर बंदच झाला नाही तर काय होईल?’ हाही प्रश्न विचारावा आणि दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराला जास्त वजन द्यावे. प्रत्यक्षात झाकणाच्या जाळीवर ठेवलेल्या हीटरची बरीच उष्णता वरच्या वर निघून जाते, त्यामुळे आकडे थोडे कमी येतील. पण हिशेब सावधगिरीच्या बाजूने चुकलेला बरा.

उष्णता वाढवण्याआधी ती वाचवता येते. पेटीच्या मागच्या आणि दोन्ही बाजूंच्या काचांना बाहेरून दोन सेंटिमीटर जाडीचे थर्मोकोल लावले, तर वरच्याच पेटीला एका अंशामागे साडेसात वॉटऐवजी साडेचार-पाच वॉट पुरतात, आणि ४० चे काम २५ वॉटचा हीटर करतो. मात्र थर्मोकोल लावून जुना ४० चाच हीटर तसाच ठेवला, तर बिघाड झाल्यास तो आता पाचऐवजी आठ-नऊ अंश चढवेल, हे विसरू नये. थर्मोकोल लावले की हीटरचा हिशेब नव्याने करावा. थर्मोकोल उष्णतेने वितळते आणि पेटही घेते, म्हणून ते हीटरच्या आसपास किंवा हीट मॅटवर (काचेला चिकटवायच्या तापणाऱ्या पट्टीवर) कदापि येता कामा नये.

हीटरचे प्रकार अनेक असले तरी घरगुती वापरात तीनच लक्षात घ्यावे लागतात. दिव्याचा बल्ब ऊब आणि उजेड दोन्ही देतो. रात्री हिंडणाऱ्या बेडकाला रात्रभराचा उजेड नको असतो आणि लाल बल्ब त्याला दिसतच नाही हा समज चुकीचा आहे. सिरॅमिक हीटर उजेड न देता तापतो, त्यामुळे रात्रीसाठी तो योग्य ठरतो. पण त्याचा पृष्ठभाग दोनशे अंशांच्या पलीकडे जाऊ शकतो. त्याला चिनीमातीचाच होल्डर लागतो, बॅकेलाइटचा किंवा प्लॅस्टिकचा होल्डर त्या उष्णतेने तडकतो, वितळतो आणि आग लागण्याचे कारण होतो. झाडावर चढणारा बेडूक ओल्या पायांनी कुठेही चिकटू शकतो. म्हणून असा हीटर शक्यतो पेटीच्या बाहेर, लोखंडी जाळीच्या झाकणावर असावा, आणि आत बसवायचाच झाला तर त्याभोवती चारी बाजूंनी जाळीचा पिंजरा हवा. आपल्या उद्यमनगरातल्या कारखान्यांत असा पिंजरा मापाने वेल्डिंग करून मिळणे अवघड नाही. करून घेताना दोन गोष्टी सांगाव्यात: जाळीची भोके बेडकाचा पाय आत जाणार नाही इतकी बारीक असावीत, आणि हीटरपासून जाळी इतकी दूर असावी की हीटर तासभर चालल्यावरही तिला बोट लावता यावे.

तिसरा प्रकार हीट मॅटचा. चपट्या रबरी पट्टीसारखी ही मॅट काचेला चिकटवतात आणि ती काचेतून ऊब आत पाठवते. ती तळाशी लावण्याची पद्धत सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हौशी लोकांकडून आली आहे, पण बेडकांसाठी ती चुकीची आहे. पॅकमॅनचेच पाहावे. दक्षिण अमेरिकेच्या ज्या कोरड्या मैदानी प्रदेशातून तो येतो, तिथे ऊन वाढले आणि पाऊस लांबला की तो जमिनीत शिरतो आणि टाकलेल्या कातडीच्या थरांचे कवच अंगाभोवती करून पावसाची वाट पाहत पडून राहतो. उकडले की खाली जायचे, खाली गारवा असतो, हे त्याच्या अंगात मुरलेले आहे. त्याच्या पेटीत तळाखाली मॅट लावली, तर उकडू लागल्यावर तो खाली शिरतो, तिथे त्याला आणखी उष्णता लागते आणि तो आणखी खाली जातो. शिवाय वर दहा सेंटिमीटर कोकोपीट असेल तर मॅटची ऊब वर येत नाही, काचेतच कोंडते, आणि काच तडकू शकते. म्हणून मॅट पेटीच्या एकाच बाजूच्या उभ्या काचेवर, बाहेरून, कोकोपीटच्या पातळीच्या वर लावावी, आणि त्या बाजूची एक तृतीयांशापेक्षा जास्त काच तिने व्यापू नये. प्राण्यांसाठी मिळणारा तापणारा कृत्रिम दगड मात्र बेडकाच्या पेटीत अजिबात नको. ओल्या, पातळ कातडीचा प्राणी त्यावर बसून राहतो आणि भाजतो.

थर्मोस्टॅट नसेल तर हीटर लावू नये. यात मी सूट देत नाही. साधा थर्मोस्टॅट ठरलेल्या आकड्यावर वीज तोडतो आणि पारा खाली आला की पुन्हा जोडतो. सिरॅमिक हीटर आणि मॅटला तो चालतो, मात्र उजेड देणाऱ्या बल्बला त्याने सतत उघडझाप होते, म्हणून बल्बला डिमर पद्धतीचा घ्यावा. वीज तोडली म्हणजे उष्णता थांबली असे मात्र होत नाही. गुऱ्हाळात ज्यांनी काहिलीतला रस उकळताना पाहिला आहे, त्यांना हे चटकन कळेल: चुलवाणातला जाळ काढला तरी काहील तापलेलीच असते, म्हणून गुळव्या पाक तयार होण्याच्या क्षणभर आधीच ती उतरवायला सांगतो. सिरॅमिक हीटरही वीज तुटल्यावर काही मिनिटे आत साठलेली उष्णता सोडत राहतो आणि पेटी ठरवलेल्या आकड्याच्या एक-दोन अंश वर जाते. त्यामुळे २६ अंश हवे असतील तर थर्मोस्टॅट २४-२५ वर लावून, दोन-तीन रात्री थर्मामीटरने पाहून, मग तो आकडा पक्का करावा. ही सगळी चाचणी बेडूक पेटीत नसताना करावी.

थर्मोस्टॅटचा प्रोब, म्हणजे वायरच्या टोकाचा छोटा संवेदक, हा सगळ्या व्यवस्थेचा कच्चा दुवा आहे. हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. पहिल्या हिवाळ्यात मी प्रोब रबरी चकतीने काचेला चिकटवला होता. पेटीतल्या ओलाव्याने ती चकती मध्यरात्री सुटली आणि प्रोब नेमका पाण्याच्या भांड्यात पडला. पाणी गार होते, थर्मोस्टॅटला वाटले पेटी गार आहे, आणि हीटर पहाटेपर्यंत चालूच राहिला. सकाळी थर्मामीटरचा आकडा बराच चढलेला होता. एरवी गर्द हिरवा असणारा बेडूक फिकट पोपटी पडला होता आणि तळाच्या सर्वांत दूरच्या कोपऱ्यात, काचेला अंग दाबून बसला होता. तो वाचला, कारण हीटर लहान होता. त्या दिवसापासून प्रोब मी केबल टायने जाळीला किंवा फांदीला दोन ठिकाणी बांधतो. प्रोब उबदार बाजूला, बेडूक जिथे बसतो त्या उंचीवर असावा. थेट हीटरखाली, पाण्यात किंवा झाकणाच्या झरोक्याशी नसावा. तो पेटीबाहेर निसटला तरी हाच घात होतो, हे पेटी साफ केल्यानंतर विशेष तपासावे.

प्रोब जागेवर असूनही थर्मोस्टॅट फसू शकतो. त्यातला वीज जोडणारा-तोडणारा भाग, रिले, वापरून वापरून जोडलेल्या स्थितीतच चिकटतो आणि पडद्यावर बरोबर आकडा दिसत असतानाही हीटर चालू राहतो. यावर उपाय दुसऱ्या थर्मोस्टॅटचा: पहिला २५ वर, दुसरा त्याच वीजमार्गात २८ वर लावायचा, म्हणजे पहिला चिकटला तरी दुसरा वीज तोडेल. दोघांचे प्रोब स्वतंत्रपणे बांधावेत. याशिवाय थर्मोस्टॅटशी संबंध नसलेले एक वेगळे थर्मामीटर पेटीत हवेच. स्वस्त उपकरणांचे आकडे दोन-तीन अंशांनी चुकलेले असतात. ते तपासण्याची घरगुती रीत सोपी आहे. स्टीलच्या पेल्यात कुटलेला बर्फ काठोकाठ भरून त्यात बर्फ भिजेल इतकेच थंड पाणी घालावे, प्रोब मधोमध धरून पाच मिनिटे ढवळत राहावे. आकडा शून्याच्या एका अंशाच्या आत यायला हवा. जास्त फरक आला तर तो उपकरणावर चिकटपट्टी लावून लिहून ठेवावा, आणि तीन अंशांहून जास्त असेल तर ते उपकरण बाजूला करावे.

हीटर लावला की दुसरा प्रश्न ओलाव्याचा येतो. १८ अंशांच्या हवेत ८० टक्के आर्द्रता असेल आणि वाफ तेवढीच ठेवून ती हवा २६ अंशांपर्यंत तापवली, तर आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली येते. पाणी कुठेही गेलेले नसते. तापलेल्या हवेची वाफ धरण्याची ताकद वाढल्याने ती बेडकाच्या अंगातून, मातीतून, शेवाळातून पाणी ओढू लागते. म्हणून हिवाळ्यात फवारणी थोडी वाढवावी, कोकोपीट हातात घट्ट दाबल्यावर एखादा थेंब यावा इतके ओले ठेवावे, आणि बेडूक पूर्ण बसेल असे उथळ पाण्याचे भांडे गार बाजूला कायम असावे. झाकण प्लॅस्टिकने गच्च बंद करून ओलावा राखण्याचा मोह टाळावा, कारण आधी सांगितलेली कुंद, कोंडलेली स्थिती त्यातूनच येते. फवारणीचे पाणी गच्चीवरच्या टाकीतून थेट घेऊ नये. ते पहाटे फार गार असते आणि त्यात क्लोरीनही असते. क्लोरीन काढणारे द्रावण घातलेले, खोलीत रात्रभर ठेवलेले पाणी वापरावे.

विजेबद्दल थोडक्यात, पण यात कसर चालणार नाही. ओल्या पेटीजवळ २३० व्होल्टची वीज आपण नेत आहोत. त्या बोर्डला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच क्षणात बंद होणारा ब्रेकर, आणि खरे अर्थिंग हवे. जुन्या घरांत तीन पिनांचे सॉकेट असते, पण तिसऱ्या पिनेला वायरच जोडलेली नसते, हे इलेक्ट्रिशियनकडून एकदा तपासून घ्यावे. पेटीतून निघालेली वायर सॉकेटकडे जाताना मध्ये खाली झोळ पडेल अशी सोडावी, म्हणजे वायरवरून ओघळलेले पाणी झोळाच्या तळातून ठिबकून पडते, सॉकेटपर्यंत जात नाही. एका सॉकेटमध्ये तीन-तीन अडॅप्टर खोचू नयेत. पेटीत हात घालण्याआधी स्विच बंद करावा.

वीज गेली तर घाबरून जाऊ नये. निरोगी बेडूक एखादी रात्र १७-१८ अंशांत सहज काढतो. घाईने केलेला उपाय जास्त घातक असतो. पेटीवर जाड चादर टाकावी, हवेला थोडी फट ठेवावी. फारच गारठा असेल तर एक लिटरच्या बाटलीत साधारण ५० अंशांचे, हाताला चटका बसणार नाही असे पाणी भरून, बाटली टॉवेलात गुंडाळून काचेच्या बाहेरून एका बाजूला टेकवावी. ते पाणी २५ अंशांपर्यंत निवताना जेवढी उष्णता सोडते, ती २५ वॉटच्या हीटरच्या तासाभराच्या कामाएवढी असते, आणि ही ऊब आपोआप कमी होत जाते, वाढत कधीच नाही. खोली गरम करायला कोळशाची शेगडी मात्र बंद दाराआड कधीही पेटवू नये, त्यातल्या वायूने बेडकाआधी माणसाचा जीव जाईल. डासांची कॉइल किंवा लिक्विडही त्या खोलीत नको. त्यांतली कीटकनाशके बेडकांना विषारी ठरतात, आणि हिवाळ्यात खिडक्या बंद असल्याने ती खोलीतच कोंडून राहतात.

बेडूक स्वतः पुष्कळ सांगत असतो. उष्णता जास्त झाली की तो गार बाजूला किंवा पाण्यात सतत बसून राहतो, रंगाने फिकट होतो, दिवसाढवळ्या काचेवर चढउतार करतो, आणि शेवटी पाय पसरून निपचित पडतो. थंडी जास्त झाली की रंग गडद, तपकिरी होतो, भूक मंदावते आणि समोरून किडा गेला तरी मान वळत नाही. पण रंग बदलण्याची इतरही कारणे असतात, म्हणून निष्कर्ष काढण्याआधी थर्मामीटर पाहावे. तापलेला बेडूक आढळला तर आधी हीटरचा प्लग काढावा, ओल्या हातांनी बेडूक उचलून खोलीच्या तापमानाच्या, क्लोरीन नसलेल्या, जेमतेम बोटभर खोल पाण्यात ठेवावा आणि पेटीचे झाकण उघडे टाकावे. बर्फ किंवा फ्रिजचे पाणी वापरू नये. अचानक बदलाने तो आणखी खचतो. डोके पाण्याच्या वर राहील एवढे पाहून अंधाऱ्या, शांत जागी ठेवावा, आणि तासाभरात तो नीट बसू लागला नाही तर प्राण्यांच्या डॉक्टरांना दाखवावा. दोन दिवस खायला देऊ नये.

कोल्हापुरात हीटरची गरज वर्षातून जेमतेम दहा-बारा आठवडे असते, आणि तीही मुख्यतः रात्रीची. पावसाळ्यात रात्री २१-२२ अंशांच्या खाली फारशा जात नाहीत; तेव्हा गारव्यापेक्षा कोंदटपणा आणि बुरशीकडे लक्ष द्यावे. फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात, सलग पाच सकाळी वहीत पेटीजवळचा आकडा २१ च्या वर आला, की प्लग काढून हीटर कोरड्या कापडाने पुसून, वायर सैल गुंडाळून कपाटात ठेवावा आणि पेटीला लावलेले थर्मोकोलही उतरवावे. एप्रिलमध्ये पारा ३७ च्या पुढे जाऊ लागला की याच पेटीला गार कसे ठेवायचे हा प्रश्न येतो, आणि तेव्हा विसरून राहिलेला थर्मोकोलचा एक तुकडासुद्धा बेडकाला महागात पडतो.